एप्सिलॉन पाठ करून घेणं बंद करा, वर्गाची एक वही उघडा

बीएस्सीला मॅथ्स घेतलेल्या कुणालाही विचारा, कुठला पेपर पाठ करून काढलास? बहुतेक जण एकच नाव घेतील. रिअल ॲनॅलिसिस. दहा-बारा थिअरम, त्यांची प्रूफं, गेल्या पाच वर्षांचे पेपर, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्सवाल्याकडून आणलेल्या कुणाच्या तरी नोट्स. पास. कधीकधी फर्स्ट क्लाससुद्धा.

गणितात पाठ करून पास होता येतं याचं आपल्याला आश्चर्यच वाटेनासं झालंय, म्हणून ही पोस्ट. मोठी आहे, चहा घेऊन बसा. कॉलेजात शिकवणाऱ्यांना थोडी झोंबेल, पण त्याला इलाज नाही. मीही त्यातलाच, बरीच वर्षं खडू झिजवलेला.

मॅथ्सवाले नसाल तर आधी थोडक्यात सांगतो. अकरावी-बारावीत लिमिट, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन येतं. फॉर्म्युला लावायचा, गणित सोडवायचं, उत्तर मिळतं. रिअल ॲनॅलिसिस विचारतं की हे सगळं चालतं कशाच्या जोरावर? साधं उदाहरण घ्या. एक, एक द्वितीयांश, एक तृतीयांश, एक चतुर्थांश असे आकडे लिहीत जा. आपण म्हणतो, हे शून्याच्या जवळ जवळ जातात. बरोबर. पण ते वजा एकच्याही जवळ जवळच जातात की! प्रत्येक पावलाला वजा एकपासूनचं अंतर कमीच होतंय. मग लिमिट शून्यच का, वजा एक का नाही? इथे "जवळ जातं" हे शब्द पुरे पडत नाहीत. काहीतरी पक्कं बोलावं लागतं.

ते पक्कं बोलणं असं आहे. तू कितीही लहान अंतर माग. मी तुला रांगेत अशी एक जागा दाखवतो की तिथून पुढची सगळीच्या सगळी पदं शून्यापासून त्या अंतराच्या आत. तू मागितलेल्या अंतराला म्हणायचं एप्सिलॉन, मी दाखवलेल्या जागेला म्हणायचं एन. बस, एवढीच व्याख्या. बाजारात भाव करता येणाऱ्या कुठल्याही माणसाला कळेल अशी. फक्त क्रम सांभाळायचा: आधी तू मागायचं, मग मी दाखवायचं. क्रम उलटला की अर्थच बदलतो. "या एसटीत प्रत्येक प्रवाशासाठी एक सीट आहे" म्हटलं तर प्रवास सुखाचा. "या एसटीत एक सीट आहे, ती प्रत्येक प्रवाशासाठी आहे" म्हटलं की मारामारी.

आता मला सांगा, मागणं आणि दाखवणं, आव्हान आणि उत्तर, असा ज्या विषयाचा जीवच आहे, तो विषय आपण कसा शिकवतो? सर फळ्यावर लिहितात. पोरं वहीत उतरवतात. मान वर करायला वेळ नसतो, कारण मान वर केली तर एक ओळ सुटते. तासाच्या शेवटी "एनी डाउट?" येतो. वर्ग शांत. सर समाधानाने रजिस्टर मिटतात. "लेट एप्सिलॉन ग्रेटर दॅन झीरो बी गिव्हन" हे वाक्य पोरं असं म्हणतात जसं आपण लहानपणी परवचा म्हणायचो. कुणी दिला एप्सिलॉन? कुणाला दिला? कशासाठी? विचारायची सोय नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी तालुक्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. नाव-गाव सांगत नाही, तिची नोकरी दर वर्षी नव्याने मिळावी लागते. तिच्या वर्गात 34 पोरं. गेल्या वर्षी तिने एक साधी गोष्ट केली. किराणा दुकानात उधारीसाठी असते तशी एक जाड वही आणली आणि वर्गाला सांगितलं, ही आपल्या सगळ्यांची रिअल ॲनॅलिसिसची वही. घरी वाचायला पानांचे फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

नियम मोजकेच. प्रत्येक तासाला दोघांची पाळी. आज वर्गात काय झालं ते त्या दोघांनी पुढच्या तासाच्या आत वहीत लिहायचं, पण फळ्यावरचं उतरवायचं नाही. वर्गात नसलेल्या मित्राला समजावून सांगतोय असं समजून लिहायचं. आणखी दोघांनी ते वाचून समासात निदान एक शंका लिहायचीच. "शंका नाही" असं लिहायला बंदी. लिहिणाऱ्याने शंकेखाली उत्तर द्यायचं. चूक सापडली तर खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. एक आडवी रेघ मारायची, खालची ओळ वाचता आली पाहिजे. भाषा मराठी, इंग्लिश, दोन्हींची खिचडी, काहीही चालेल. मॅडम वही फक्त शनिवारी बघणार.

मी ती वही पाहिलीय. त्यातलं एक पान सांगतो. थिअरम नेहमीचा, प्रत्येक कन्व्हर्जंट सिक्वेन्स बाउंडेड असतो. एका मुलाने लिहिलं होतं: एप्सिलॉन एक घेऊ. मग एका जागेनंतरची सगळी पदं लिमिटपासून एकच्या आत येतात. म्हणजे ती बाउंडेड झाली. सिद्ध.

समासात एका मुलीची शंका: "आणि त्या जागेच्या आधीची पदं? ती काय सोडून दिली?"

त्याचं उत्तर: "ती मोजकीच आहेत. त्यांच्यातलं सगळ्यात मोठं घ्यायचं."

त्याच्याखाली तिसऱ्याच कुणाचं तरी अक्षर, ज्याची पाळीही नव्हती: "मोजकी आहेत म्हणून काय झालं? मोजकी नसती तर सगळ्यात मोठं सापडलं नसतं का?"

आणि त्याखाली पुन्हा ती पहिली मुलगी: "नसतं. 1, 2, 3, 4 असं लिहीत जा आणि सगळ्यात मोठा दाखव."

चार ओळी. गाइडमध्ये या ठिकाणी एकच ओळ असते, "लेट एम बी द मॅक्झिमम ऑफ", आणि पोरगं ती ओळ पाठ करतं. ती ओळ तिथे का आहे, ती काढली तर इमारत कुठून कोसळते, हे त्याला कधी कळतच नाही. इथे तीन पोरांनी ते भांडून शोधलं. सान्त आणि अनंत यांच्यातला फरक, ज्याच्यावर हा सगळा विषय उभा आहे, तो एका समासात मावला. आणि मॅडम तेव्हा घरी होत्या!

आणखी एक पान आठवतं. "बाउंडेड" या शब्दावर एकाने मराठीत लिहिलं होतं: "कुंपण सापडलं म्हणजे बाउंडेड. कुंपण जवळच असलं पाहिजे अशी अट नाही." हे पोरगं वर्गात तोंड उघडत नव्हतं. बारावीपर्यंत सायन्स इंग्लिशमधून शिकलं, म्हणजे कागदावर इंग्लिशमधून. डोक्यात सगळं मराठीत चालायचं आणि तोंडात येईपर्यंत व्याकरणाच्या भीतीने मरून जायचं. आपल्याकडे तालुक्याच्या कॉलेजांत अशी पोरं भरलीत. "सर कळलंय, पण सांगता येत नाही" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं. यातल्या काहींना खरंच कळलेलं नसतं, मान्य. पण बाकीच्यांना आपण त्यांच्याच भाषेत एकदाही बोलू देत नाही, आणि मग त्यांना "वीक" म्हणून मोकळे होतो. पेपर इंग्लिशमधून लिहायचाय ना, लिहितील की. आधी कुंपण सापडू दे.

आता या वहीचं पुढे काय झालं ते ऐका. सत्राच्या शेवटी इंटर्नलचे मार्क भरायची वेळ आली. तिने सांगितलं, मी वहीवरून मार्क देते. कुणी किती लिहिलं, किती नेमक्या शंका विचारल्या, चूक कशी सुधारली, सगळं तारखेसकट आहे. वरून उत्तर आलं, चालणार नाही. प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र असाइनमेंट पाहिजे, स्वतंत्र फाइल पाहिजे, पहिल्या पानावर नाव, रोल नंबर आणि सही पाहिजे. सामायिक वही हा "पुरावा" होत नाही. मग 34 पोरांनी 34 फाइली आणल्या. त्यात काय होतं हे तुम्हाला माहितीय. एकीने सोडवलं, 33 जणांनी उतरवलं. त्या 34 फाइली कपाटात गेल्या आणि तो मात्र पुरावा झाला!

पुढच्या सत्रात वही बंद. शेवटच्या पानावर एका मुलाची शंका तशीच राहिलीय: "एखादं फंक्शन सगळीकडे कंटिन्युअस असेल पण एकाही ठिकाणी डिफरन्शिएबल नसेल, असं असू शकतं का?"

गंमत बघा. हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या मोठमोठ्या गणितींना छळत होता. 1872 साली कार्ल वायरश्ट्रासने बर्लिनच्या अकादमीत असं एक फंक्शन मांडलं आणि भले भले चक्रावले. तालुक्याच्या पोराला हा प्रश्न स्वतःहून पडतो, आणि आपण त्याला म्हणतो, फाइल पूर्ण कर.

वायरश्ट्रासचं नाव निघालंच आहे तर थांबू या, कारण "हे वही-बिही नवीन फॅड आहे" असं म्हणणाऱ्यांना हा माणूस कळायला हवा. सिलॅबसमध्ये बोल्झानो-वायरश्ट्रास थिअरम आहे, तोच हा. विद्यापीठात यायच्या आधी हा गृहस्थ चौदा-पंधरा वर्षं शाळामास्तर होता. पुढे बर्लिनला प्रोफेसर झाला, पण तब्येत ढासळली. उभं राहून फळ्यावर लिहिणं जमेना. मग तो खुर्चीत बसून बोलायचा आणि एक विद्यार्थी फळ्यावर लिहायचा. आपली बरीचशी व्याख्यानं त्याने स्वतः पुस्तक म्हणून छापलीच नाहीत. ती युरोपभर पसरली विद्यार्थ्यांच्या वह्यांमधून. 1861 ची श्वार्त्झची वही, 1878 ची हुर्विट्झची वही, आजही इतिहासकार त्या चाळतात. म्हणजे जी एप्सिलॉनची भाषा आपण पोरांना देववाणी म्हणून पाठ करायला लावतो, ती जगभर गेली पोरांनी लिहिलेल्या, एकमेकांना दिलेल्या वह्यांतून. विषयाचा जन्मदाखलाच तसा आहे.

जर्मनीतच फेलिक्स क्लाइनच्या सेमिनारचा रिवाज होता की ज्याने व्याख्यान दिलं त्याने ते एका सामायिक वहीत स्वतःच्या हाताने लिहून ठेवायचं. 1872 पासून 1912 पर्यंत हे चाललं. 29 खंड भरले, आठ हजारांहून जास्त पानं. ग्योटिंगेनला जपून ठेवलीत. चाळीस वर्षं! आपल्याकडे सामायिक वही एक सत्र टिकली नाही.

आणि स्कॉटिश बुक? लव्होव हे तेव्हा पोलंडमधलं शहर, आज युक्रेनमध्ये आहे. तिथल्या स्कॉटिश कॅफेत स्टेफान बानाख आणि त्याचे मित्र संगमरवरी टेबलांवर पेन्सिलने गणित मांडत बसायचे. टेबल पुसलं की गणित गेलं. शेवटी बानाखच्या बायकोने एक जाड वही आणून दिली. ती कॅफेतच असायची, कुणी मागितली की वेटर आणून द्यायचा. 1935 ते 1941 या काळात त्यात प्रश्न लिहिले गेले, उत्तरं लिहिली गेली, बक्षिसं लावली गेली, कधी वाइन, कधी बिअर. 1936 मध्ये माझुरने एका प्रश्नाला बक्षीस लावलं: एक जिवंत हंस. उत्तर यायला 36 वर्षं लागली. 1972 मध्ये पेर एन्फ्लो नावाच्या स्वीडिश गणितीने तो प्रश्न सोडवला आणि वॉर्सात त्याला खरोखरच जिवंत हंस दिला गेला. एमएस्सीला "बानाख स्पेस" शिकवणारे आपले किती मास्तर ही गोष्ट वर्गात सांगतात? ज्याची स्पेस शिकवता त्याची वही पण सांगा की राव.

चुकांबद्दलही बोलू. वही उघडी ठेवायला लोक घाबरतात ते चुकांमुळे. "पोरं चुकीचं लिहितील, बाकीची तेच शिकतील." मग कोशीचं काय करायचं? कोशी सिक्वेन्स, कोशी क्रायटेरियन, कोशीच्या नावाशिवाय या पेपरचं एक पान हलत नाही. त्या कोशीने 1821 साली पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमधल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात एक थिअरम दिला. आजच्या भाषेत सांगायचं तर, कंटिन्युअस फंक्शन्सची मालिका कन्व्हर्ज झाली की बेरीजही कंटिन्युअस. प्रूफसकट. पाच वर्षांनी, 1826 मध्ये, आबेल नावाच्या 23 वर्षांच्या नॉर्वेजियन पोराने आपल्या लेखाच्या तळटीपेत नम्रपणे लिहिलं की या थिअरमला अपवाद दिसतात. पुरावा म्हणून त्याने साइन फंक्शनची एक साधीशी मालिका दाखवली. प्रत्येक पद गुळगुळीत, पण बेरीज मध्येच उडी मारते. नेमकं कुठे बिघडलं हे उलगडायला आणखी वीस-पंचवीस वर्षं गेली. 1847 च्या सुमारास झायडेल आणि स्टोक्सने गाठ सोडवायला घेतली, 1853 मध्ये खुद्द कोशीने परत येऊन थिअरम दुरुस्त केला. त्या भांडणातून जे निघालं त्याला आज आपण युनिफॉर्म कन्व्हर्जन्स म्हणतो. आणि ते आपण 45 मिनिटांच्या एका तासात उरकतो.

आबेलची ती तळटीप म्हणजे दुसरं काय होतं? समासातली शंका. कोशीच्या वहीत एका पोराने लिहिलेली. आणि फरक काय होता तर तोच, जागा आधी की बिंदू आधी, एसटीतल्या सीटचा प्रश्न. प्रत्येक बिंदूसाठी वेगळी जागा चालेल, की सगळ्या बिंदूंसाठी एकच जागा पाहिजे? एवढ्या मोठ्या माणसाची गफलत झाली तिथे आपली पोरं चुकणारच. चुकू द्या, पण उघड्यावर, जिथे दुसरा कुणी "थांब" म्हणेल. उत्तरपत्रिकेत एकट्याने केलेल्या चुकीवर लाल फुली बसते आणि ती उत्तरपत्रिका पोराला परत दिसतही नाही.

आता आक्षेप घेऊ. मला फोन येणारच आहेत, त्यापेक्षा इथेच बोलू.

"पोर्शन संपत नाही." हा सगळ्यांचा लाडका. सरांचा पोर्शन संपतो हो, पोरांचा सुरूच होत नाही. त्याच पोरांना जॅमच्या परीक्षेला बसवा, आयआयटीत एमएस्सीला जायला असते ती. तीन तास, 60 प्रश्न, 100 मार्क, आणि "प्रूव्ह दॅट" एकही नाही. एका भागात चारपैकी एक किंवा जास्त पर्याय बरोबर असतात, सगळे अचूक ओळखले तरच मार्क. म्हणजे एखादं विधान पाहून "हे खरं का? खोटं असेल तर उदाहरण कुठलं?" हे डोक्यात चाललं पाहिजे. दहा प्रूफं पाठ असलेलं फर्स्ट क्लासचं पोरगं तिथे गप्प होतं. घरी येऊन म्हणतं, आपल्या कॉलेजचं लेव्हल नाही. लेव्हल होती. आपण तिला बोलू दिलं नाही.

"एक जण लिहितो, बाकीचे आयतं खातात." हे होतं, पूर्ण थांबवताही येत नाही. पण पाळी असली, समासात अक्षर ओळखू येत असलं आणि शनिवारी मॅडम त्या शंकेवरून तोंडी एक प्रश्न विचारत असल्या तर आयतोबा लपत नाही. 34 स्वतंत्र फाइलींत तो आरामात लपतो. आणि आता तर उतरवायला शेजारचीही गरज नाही. मोबाइलवर प्रश्न टाकला की चॅटजीपीटी नीटनेटकं प्रूफ काढून देतं, लेट एप्सिलॉनपासून हेन्स प्रूव्हडपर्यंत. घरून करून आणायच्या असाइनमेंटचा जीव गेलाय, आपण फक्त तिला फाइल लावून ठेवतोय. वहीत कुणी मशीनचं उत्तर आणून चिकटवलं तरी शेजारणीची शंका येते, "हा मॅक्झिमम का घेतला?", आणि उत्तर द्यायला पोरालाच उभं राहावं लागतं.

"कच्च्या पोरांची टिंगल होईल." हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. त्या वहीतही सुरुवातीला एकाने समासात लिहिलं होतं, "एवढंही कळत नाही?" वर्गाने ठरवून त्यावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, "ही शंका नाही." त्यानंतर तसं परत कुणी लिहिलं नाही. पण ते आपोआप झालं नाही. मॅडमनी पहिल्या महिन्यात त्यावर दोन तास घालवले. ज्याला ते दोन तास घालवायचे नसतील त्याने वही सुरू करू नये, हे मीच सांगतो. आणि टिंगलीची भीती आजच्या वर्गात नाही असं समजू नका. हात वर न करणाऱ्या मुलींना विचारा. त्या मागच्या बाकावरून आयुष्यात कधी "सर, हे कसं?" म्हणाल्या नसतील, पण समासात मात्र अशा शंका काढतात की पुढच्या बाकावरच्या टॉपरला घाम फुटतो.

अमेरिकेतली मूर पद्धत माहीत असलेले कुणी म्हणतील, मग तसंच का नाही? टेक्सासचा आर. एल. मूर पोरांना पुस्तक न देता, व्याख्यान न देता, थिअरम एकेकट्याने सिद्ध करायला लावायचा. एकमेकांची मदत घ्यायला मनाई. त्यातून मोठे गणिती निघाले हे खरं. पण ती कुस्ती होती, शेवटी टिकेल तो मल्ल. आणि याच मूरने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आपल्या वर्गात घ्यायला नकार दिला होता. कुणाला वर्गात घ्यायचं आणि कुणाला मुळीच नाही हे ठरवून चालवलेली स्पर्धा आपल्याला नको. आपल्याला 34 च्या 34 हव्यात.

आणि जवळचं उदाहरण पाहिजे असेल तर एमटीटीएस घ्या. मुंबई विद्यापीठात शिकवणाऱ्या एस. कुमारेसन यांनी 1993 मध्ये हा उन्हाळी कार्यक्रम सुरू केला. तिथे पोरांना प्रश्नांवर प्रश्न विचारून स्वतः बोलायला लावतात. जाऊन आलेलं पोरगं ओळखू येतं, ते "का?" विचारतं. पण तिथे जागा मोजक्या. उन्हाळ्यात निवडक पोरांना जे मिळतं ते पावसाळ्यात तालुक्याच्या वर्गात का मिळू नये? त्याला लागते एक वही.

खरं वजन एकाच आक्षेपात आहे आणि तो कुणी उघड बोलत नाही. वेळ आणि पैसा. तासिका तत्त्वावरच्या शिक्षिकेला फळ्यासमोरच्या तासाचे पैसे मिळतात. शनिवारी वही वाचण्याचे, शंकांवर टिपा लिहिण्याचे शून्य. कायम जागा भरत नाहीत, एक बाई दोन-दोन कॉलेजं एसटीने गाठते, आणि तिच्याकडून आपण नवे प्रयोग मागतो. तिने केलं तर कौतुकाचे दोन शब्द, आणि मार्क भरताना अडवणूक. ज्यांच्याकडे कायम नोकरी आहे, पगार आहे, केबिन आहे, त्यांनी आजवर किती वह्या उघडल्या? नाव घेत नाही, पण आरशात बघायला हरकत नाही.

म्हणून माझी मागणी पोरांकडे नाही, त्या मॅडमकडेही नाही. विद्यापीठांच्या गणित अभ्यास मंडळांवर बसलेल्या मंडळींकडे आहे. अंतर्गत मूल्यमापनाचे मार्क तुमच्या हातात आहेत, कुठे शंभरातले 40, कुठे 30. ते कसे द्यायचे याच्या नियमांत एक ओळ घाला: वर्गाने मिळून लिहिलेलं आणि एकमेकांनी तपासलेलं सामायिक लेखन हा मूल्यमापनाचा मान्य प्रकार समजला जाईल. दुसरी ओळ: ते मराठीतून असलं तरी चालेल. तिसरी ओळ कॉलेजांसाठी: ते वाचण्याचे तास तासिकांमध्ये धरले जातील, पैशासकट. तीन ओळी. एवढ्याने कुठल्याही प्राचार्याला "पुरावा होत नाही" म्हणता येणार नाही. नव्या धोरणाच्या नावाखाली आपण क्रेडिट, मेजर, मायनर असे शब्द गावभर पोचवले, या तीन ओळी फार नाहीत.

मोठ्या वर्गांसाठी चार वह्या करा. वही नको असेल तर भिंतीवर कागद लावा. पोरांना फोनवर सोपं जात असेल तर फोनवर लिहू द्या. साधनावर माझा हट्ट नाही. हट्ट एवढाच की एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचलं पाहिजे, आणि वाचणाऱ्याला "थांब, हे कुठून आलं?" असं विचारण्याचे मार्क मिळाले पाहिजेत. आज ते विचारण्याचे मार्क जातात, कारण तेवढ्या वेळात पुढचा प्रश्न लिहून झाला असता.

अभ्यास मंडळाकडे पाठवायचं पत्र मी लिहून ठेवलंय, वरच्या तीन ओळींसकट. या महिन्याच्या शेवटी पाठवतोय. ज्यांना त्याखाली सही करायची असेल त्यांनी मला मेसेज करा. शिकवणाऱ्यांनी करा, शिकणाऱ्यांनी करा, आणि रिअल ॲनॅलिसिस पाठ करून पास होऊन आज बँकेत, तलाठी कार्यालयात, क्लासमध्ये बसलेल्यांनी तर जरूर करा, तुमची सही जास्त कामाची आहे.